वरचा मजला आधी, फ्लॅट नंतर

सप्रेम नमस्कार ताई,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. येत्या ३१ मे रोजी निवृत्त होतेय. वय ५८. सगळं मिळून ३५ लाखांच्या आसपास हातात येतील, पेन्शनही आहे. आमचे हे तीन वर्षांपूर्वी साखर कारखान्यातून निवृत्त झाले, त्यांची पेन्शन नावापुरतीच. साने गुरुजी वसाहतीत आमचं दुमजली घर आहे. वरचा मजला मुलासाठी बांधला होता, पण तो पुण्यात नोकरीला आहे आणि तिथंच रमलाय. मी दर रविवारी वर जाऊन झाडून येते, एवढाच त्या मजल्याचा वापर.

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, मागे लागलेत की सायबर चौकाजवळ ४८ लाखांचा टू बीएचके घ्या. बांधकाम चालू आहे, ताबा पुढच्या वर्षी. ३५ लाख आपले आणि १३ लाख कर्ज. भाडं १४ हजार सहज येईल, विद्यार्थ्यांची तर रांग लागेल, शिवाय आता हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, वकील लोक भाड्यानं घरं शोधतायत, असं त्यांचं म्हणणं. पाडव्याच्या आत ५१ हजार टोकन दिलं तर बिल्डर किचन ट्रॉल्या फुकट देतोय. आमच्या ह्यांना मात्र भाडेकरू हा शब्दही नको. यांच्या वडिलांच्या शुक्रवार पेठेतल्या घरात एक कुटुंब तीस-पस्तीस रुपये भाड्यावर वर्षानुवर्षं राहिलं आणि शेवटी पैसे देऊन बाहेर काढावं लागलं. मला वाटतं, हातात पैसा आहे तर तो नुसता पडून कशाला राहावा? काय करू?

— एक शिक्षिका, कोल्हापूर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते दाजींचं नाही आणि निवृत्तीच्या पैशांचंही नाही. वरच्या बंद मजल्याचं आहे. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. त्याकडे येतेच. आधी दाजींचा हिशेब कागदावर मांडू, कारण त्यात बऱ्याच गोष्टी सुटल्यात.

फ्लॅट ४८ लाखांचा म्हणजे तुम्हाला ४८ लाखांत पडणारा नव्हे. बांधकाम चालू असलेल्या, ४५ लाखांच्या वरच्या घराला ५ टक्के जीएसटी लागतो, तो झाला २ लाख ४० हजार. मुद्रांक शुल्क, घर पूर्णपणे तुमच्या म्हणजे बाईच्या नावावर घेऊन १ टक्क्याची सवलत मिळवली तरी, ५ टक्क्यांच्या आसपास जातं, आणखी तेवढेच. नोंदणी फी ३० हजार. मग ग्रिल, पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड, वायरिंगमधली किरकोळ कामं. किचन ट्रॉल्या फुकट मिळाल्या तरी बेरीज ५४ लाखांच्या पुढे जाते. दाजींचे ३५ अधिक १३ म्हणजे ४८. वरचे सहा लाख कुठून येणार, हे त्यांना विचारलंत का? हेच घर भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य झाल्याचा दाखला) मिळाल्यानंतर घेतलं तर जीएसटी लागत नाही, हेही विचारा.

आता उत्पन्न. दाजींनी सांगितलेलं १४ हजार भाडं धरू. वर्षात एक महिना घर रिकामं राहतंच. एक भाडेकरू गेला, रंग मारला, दुसरा आला, यात तो जातो. राहिले १ लाख ५४ हजार. त्यातून अपार्टमेंटचा मेंटेनन्स, घरफाळा (मालमत्ता कर), दुरुस्ती आणि एजंटाचं कमिशन वजा करा. साधारण धरलं तर ४५ ते ५० हजार जातात. हातात राहिले लाखाच्या थोडे वर. चौपन्न लाखांवर वर्षाला २ टक्के! आणि १३ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेसोळा हजारांच्या आसपास बसतो. भाडं १४ हजार, हप्ता साडेसोळा हजार. पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच लाखाच्या वर जातं, म्हणजे भाड्यातून उरलेलं सगळं बँकेला. हप्त्यातला उरलेला भाग तुमच्या पेन्शनमधून. त्यात पहिलं वर्ष तर ताबाच नाही, म्हणजे भाडंही नाही.

घरफाळ्याबद्दल थोडं सांगते. स्वतः राहत असलेलं घर आणि भाड्यानं दिलेलं घर यांच्या आकारणीत फरक पडू शकतो. महापालिकेच्या घरफाळा विभागात जाऊन त्या इमारतीचा नंबर सांगा आणि भाड्यानं दिलं तर किती बसेल ते विचारून घ्या. तुमच्या वरच्या मजल्यासाठीही हेच करायचं आहे.

दाजी म्हणतील, भाड्याचं सोडा, जागेची किंमत वाढते ना. वाढते, मान्य. पण फ्लॅट विकायचा तर सगळा विकावा लागतो. उद्या ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर एक खोली विकून पैसे उभे करता येत नाहीत. निवृत्तीचा पैसा हा तुमच्या उरलेल्या आयुष्याचा पगार आहे. तो पन्नास टक्के असो की नव्वद, एकाच विटा-सिमेंटात अडकवायला मी तुम्हाला सांगणार नाही, आणि वर कर्ज काढून तर मुळीच नाही.

ही तुलना बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत (पोस्टात किंवा बँकेत खातं निघतं) हे लिहिताना ८.२ टक्के व्याज आहे आणि ते दर तीन महिन्यांनी हातात येतं. एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. ३० लाखांवर वर्षाला २ लाख ४६ हजार, म्हणजे दर तिमाहीला ६१,५००. ही योजना ६० वर्षांवरच्यांसाठी असली तरी ५५ ते ६० वयात निवृत्त झालेल्यांनाही खातं उघडता येतं. मात्र निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही मुदत डायरीत लिहून ठेवा, कारण बऱ्याच जणांची ती फाइलीच्या धावपळीत निघून जाते. व्याज करपात्र आहे, पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सध्या सवलत असल्यानं तुम्हाला त्याचा फारसा त्रास होऊ नये. एकदा सीएंना पेन्शनसकट आकडे दाखवा.

म्हणजे दाजी चुकीचं बोलतायत का? सगळंच नाही. सायबर चौक, राजारामपुरी, विद्यापीठाचा परिसर इथं भाडेकरू मिळतो, हे खरं. एक गोष्ट तर पूर्ण त्यांच्या बाजूची आहे: तो भाग उंचावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा काही भाग पाण्यात होता. कोल्हापुरात भाड्यासाठी घर घेणाऱ्यानं आधी शेजाऱ्याला विचारावं की पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. दाजींच्या फ्लॅटला हा प्रश्न नाही.

पण विद्यार्थ्यांची रांग म्हणजे काय, ते कुणी तुम्हाला सांगितलंय का? विद्यार्थी राहतात ते कॉटवर. एका टू बीएचकेत पाच-सहा पोरं. एप्रिल-मे मध्ये परीक्षा झाली की निम्मी घर सोडतात, नवी जून-जुलैनंतर येतात, इंजिनिअरिंगवाली त्याहून उशिरा. दरवर्षी नव्यानं करार, नव्यानं ओळख, नव्यानं नळ बदलणं. एकाची मोटरसायकल दुसऱ्याच्या पार्किंगमध्ये, गच्चीवर रात्री दीडपर्यंत वाढदिवस, खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा तुम्हाला फोन. पोरं वाईट नसतात, वीस वर्षांची असतात. त्यांच्या मागे फिरणारं कुणीतरी लागतं, एवढंच. तुम्ही साने गुरुजी वसाहतीतून सायबर चौकापर्यंत सगळं गाव ओलांडून जाणार का? ह्यांना तर भाडेकरू नकोच आहे. दाजी जातील का? आज जातील, पाच वर्षांनी?

सर्किट बेंचचंही सांगते. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे खटले आता इथं चालतात. शहराला त्याचा फायदा होणार, यात शंका नाही. किती वर्षांची मागणी होती ती. पण विचार करा, सोलापूरचा वकील एका तारखेला येतो तो लॉजवर उतरतो. जो कायमचा येतो, तो ऑफिससाठी बेंचजवळ, सीपीआर रुग्णालय, भाऊसिंगजी रोडच्या आसपास जागा बघतो. तुमचा फ्लॅट शहराच्या दुसऱ्या टोकाला. बेंचचं नाव घेऊन बिल्डरनं दर वाढवला असेल, तर ती वाढ तुम्ही आजच देताय आणि भाड्यातून ती वसूल होईल याची खात्री कुणीच देत नाहीये.

आता तुमच्या ह्यांच्याकडे येते. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नका. त्यांनी जे पाहिलं ते खरोखर घडलेलं आहे आणि आपल्या पेठांमधल्या शेकडो घरांत घडलंय. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याखाली भाडं गोठलं, भाडेकरूला संरक्षण मिळालं, घरमालक म्हातारे झाले आणि वाडे पडायला आले तरी भाडं तेच राहिलं. अशा घरातल्या मुलानं भाडेकरूचं नाव काढलं की चमकणं साहजिक आहे.

पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रात नवा भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा, लागू आहे. आज आपण जो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरू देण्याचा, करार करतो, त्यात राहणाऱ्याला भाडेकरूचे ते जुने हक्क मिळत नाहीत. मुदत संपली की त्यानं जागा सोडायची. नाही सोडली तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, नोंदवलेला करार तिथं पक्का पुरावा धरला जातो, आणि जितके दिवस तो अडून बसेल तितके दिवस दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. अर्ज केला की दुसऱ्या दिवशी घर मोकळं होतं असं नाही, पण शुक्रवार पेठेतली ती गोष्ट या करारानं पुन्हा होत नाही. ‘बारा वर्षं राहिला की घर त्याचं’ ही भीतीही सोडून द्या. तुमच्या परवानगीनं, करार करून राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी मालक होत नाही.

हे सगळं एका अटीवर, आणि इथंच लोक पैसे वाचवायला जातात. करार नोंदवलेला पाहिजे. पाचशेच्या बाँडवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारला की झालं, असं गल्लीतले लोक सांगतील. नाही होत. त्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदवला नाही तर शिक्षेची तरतूद आहे आणि त्याहून वाईट म्हणजे उद्या वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल तेच, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत, खरं धरलं जातं. डिपॉझिट किती, भाडं किती, मुदत किती, सगळं त्याच्या तोंडून. खर्च किती वाटतो तुम्हाला? ८ हजार भाडं, ३० हजार डिपॉझिट, ११ महिन्यांचा करार असेल तर मुद्रांक शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी १ हजार. एजंट घरी येऊन आधार आणि अंगठा घेऊन ऑनलाइन करून देतो, त्याचे पैसे वेगळे. या रकमेसाठी शिवाजी पेठेतला कुणी तरी ‘कशाला उगीच’ म्हणाला म्हणून माघार घेऊ नका. अकरा महिन्यांचाच करार करायला पाहिजे असंही नाही. चांगलं कुटुंब मिळालं तर २२ किंवा ३३ महिन्यांचा करा, दरवर्षीची भाडेवाढ त्यातच लिहा.

तर आता वरचा मजला.

तो बांधून झालेला आहे. कर्ज नाही, जीएसटी नाही, ताब्याची वाट नाही. भाडेकरूचं भलंबुरं तुम्हाला जिन्याखाली बसून कळणार आहे. घरमालक होणं तुम्हाला मानवतं की नाही, ह्यांचा जीव त्यात किती अडकतो, पहिल्या तारखेला भाडं मागताना तुम्हाला संकोच वाटतो का, हे सगळं ५४ लाख घालून शोधण्यापेक्षा पन्नास-साठ हजारांच्या दुरुस्तीत समजेल. दोन वर्षं हे करून बघा. जमलं, आवडलं, तर मग फ्लॅटचं बोलू, तोपर्यंत सायबर चौक कुठं जात नाही.

पण त्या आधी मुलाला फोन करा. मी हे मनापासून सांगतेय. तो मजला त्याच्यासाठी बांधलाय, त्याची कॉलेजची पुस्तकं, कपाट, लग्नातलं सामान कदाचित अजून तिथं असेल. तुम्ही दर रविवारी जे झाडता त्यात नुसती धूळ नाही, हे मला कळतं. त्याला सरळ विचारा, तू परत येणार आहेस का, कधी? तो गणपतीला, दिवाळीला येतो तेव्हा वर झोपतो का? त्याच्या मनात पाच-सहा वर्षांत परतायचं असेल तर भाड्यानं द्यायला काहीच हरकत नाही, करार संपला की जागा मोकळी. एक खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवायची असेल तर तसं करारात लिहून ठेवा. पण त्याला न विचारता पुण्याच्या बसमधून उतरल्यावर दारात परक्या चपला दिसायला नकोत.

मग तयारी. जिना बाहेरून आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. आतून असेल तर तो प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा लागेल, कारण भाडेकरू तुमच्या हॉलमधून जाणार असेल तर महिनाभरात दोघांनाही नको होईल. वीज मीटर वेगळं घ्या, महावितरणकडे अर्ज करा. सबमीटर लावून बिल वाटून घेण्यात दर महिन्याला कुरबुर होते. पाण्याचा विचार करा: टाकी एक, मोटर एक, बटण कुणाच्या घरात? हे लहान दिसतं, पण दुमजली घरातली निम्मी भांडणं मोटरच्या बटणावर होतात. वरच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात तुमच्या स्वयंपाकघराच्या छतावर ओल येईल आणि तुम्ही उगाच त्या कुटुंबाशी वाकडं बोलाल.

घर देताना दोघांनी मिळून फिरा. नळ किती, पंखे किती, खिडकीची कुठली काच तडकलेली, भिंतीवर कुठं खिळे, हे कागदावर लिहा, मोबाइलवर व्हिडिओ काढा, मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या. डिपॉझिट परत देताना हाच कागद उपयोगी पडतो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, एजंट ते ऑनलाइन करून देतो, पण झालं की नाही ते तुम्ही बघा. भाडं खात्यावर घ्या. आणि काही झालं, कितीही राग आला तरी पाणी बंद करणं, लाइट तोडणं असलं काही करायचं नाही; कायद्याला ते चालत नाही आणि शेजारधर्मालाही नाही.

कुणाला द्यायचं? तुमच्याकडे बदलीवर आलेले बँकेतले लोक, शिक्षक, दवाखान्यातल्या नर्सेस, एमआयडीसीत जाणारी नवी जोडपी विचारत येतील. नोकरी कुठं, पगार किती, आधी कुठं राहत होता, तिथलं घर का सोडलं, हे स्पष्ट विचारा. शक्य असेल तर आधीच्या मालकाला फोन करा. तिथं पाच मिनिटांत जे कळतं ते आधारकार्डावर लिहिलेलं नसतं. पण आडनाव ऐकून जात विचारू नका, ताट-भांड्यांच्या चौकश्या करू नका. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या गावात एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, बाहेरगावच्या पोरांना शिकायला छप्पर दिलं, म्हणून कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. तुम्ही आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंत, तुमच्या वर्गात कोण कोण बसलं ते आठवा. वरच्या मजल्यालाही तोच नियम लावा.

घर ह्यांच्या नावावर असेल तर करारावर सही त्यांची लागेल, म्हणजे त्यांना मनवणं भागच आहे. त्यांच्यासमोर मसुदा ठेवा, एखाद्या वकिलाकडून मुदत आणि ताब्याचं कलम त्यांना वाचून दाखवा. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात असा कागद कधीच नव्हता. हा फरक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. तरीही ते नाही म्हणाले, तर सहा महिने थांबा. त्या सहा महिन्यांत तुमचं काही बिघडत नाही.

आणि दाजींना आजच सांगा की पाडव्याला टोकन देत नाही. तुमचे पैसे अजून आलेलेही नाहीत; पेन्शनच्या फाइली कधी अडकतात हे तुम्ही शाळेत कितीतरी जणांचं पाहिलंय. शिवाय बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात नोंदवलेला करारनामा केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही आणि प्रकल्प महारेरावर (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदवलेला असावा लागतो, हे त्यांनी तपासलंय का, तेही विचारा. ट्रॉल्यांसाठी रुसले तर रुसू देत, बहिणीकडे जाऊन तुम्ही समजूत काढाल. ३१ मे नंतर रक्कम खात्यात आली की आधी पोस्टात जा.